खाणवाल्यांची मोटर

"मी आठवडाभर गेलो नाही ना, तर दुकानाला कुलूप लागेल!" असं बायकोला छाती फुगवून सांगून स्टोअरकीपरनं नोकरीत पहिल्यांदाच लांब रजा टाकली.

दुकान होतं खोदाईच्या मशीनचं. पुढे काचेच्या शोरूममध्ये नवी कोरी मशीनं लग्नाला निघाल्यासारखी नटून उभी असायची. मागे स्पेअर पार्टचं स्टोअर, आणि त्यात हा. फिल्टर, सील, बेअरिंग, होज पाईप, कुठल्या रॅकवर काय पडलंय ते फक्त याच्या डोक्यात. कॉम्प्युटरमधला साठा आणि रॅकवरचा साठा यांचं नातं अबोला धरलेल्या जावांसारखं. एकाच घरात, पण एकमेकींना पत्ता नाही! आणि हा अबोला यानं जपला होता. दोघींचं जुळलं तर याला कोण विचारणार?

पगारवाढीचं काढलं की मालक म्हणायचे, "बघू." म्हणून ही रजा.

"आता फोनवर फोन येतील," तो बायकोला म्हणाला. "मीही सांगणार, बघू!"

फोन आला नाही. पहिल्या दिवशी नाही, दुसऱ्या दिवशी नाही. त्यानं फोन न्हाणीघरात नेला, जेवताना ताटाशेजारी ठेवला.

"बिघडलाय वाटतं," तो म्हणाला.

"मघाशी माझ्या बहिणीचा तुमच्याच फोनवर आला होता की!" बायको म्हणाली.

तिसऱ्या दिवशी त्याला राहवेना. त्यानं बायकोचा मोबाईल घेतला, तोंडावर रुमाल धरला, आवाज जाड केला आणि दुकानात फोन लावला. काउंटरवरच्या बाईंनी उचलला.

"मी खाणवाला बोलतोय. दगडखाण आहे आमची. जुन्या मॉडेलची स्विंग मोटर पाहिजे. केबिन फिरवते ती."

हे मॉडेल कंपनीनं कधीच बंद केलं होतं. आता बाई रडकुंडीला येणार आणि म्हणणार, आमचे स्टोअरकीपर रजेवर आहेत हो, त्यांच्याशिवाय काही सुचत नाही! ते ऐकायला त्यानं मोबाईल कानात जवळजवळ कोंबला.

"एक मिनिट हं साहेब," बाई म्हणाल्या. थोड्या वेळानं परत आल्या. "आपल्याकडे नाही, पण एका डीलरकडे शिल्लक आहे. मागवून घेते!"

"अं? नको, नको! म्हणजे मला फार घाई आहे."

"मग विमानानं मागवते!"

"ॲडव्हान्स देणार नाही मी!"

"थांबा, मालकांशी बोला."

आता मालक फोनवर! स्टोअरकीपरचा रुमाल घामानं भिजला.

"साहेब, ॲडव्हान्सची काळजी करू नका," मालक मधाळ आवाजात म्हणाले. हा आवाज त्यानं इतक्या वर्षांत ऐकलाच नव्हता. "तुमचं नशीब बघा, आमचा नाहीराव नेमका रजेवर आहे!"

"नाहीराव?"

"स्टोअरकीपर हो! काहीही मागा, मान वर न करता 'नाही' म्हणतो. सगळं दुकान त्याला नाहीरावच म्हणतं. तुम्हालाही कधी त्रास दिला असेल त्यानं."

स्टोअरकीपर रुमाल तोंडावर दाबत म्हणाला, "नाही... म्हणजे, मला तर माणूस बरा वाटला. कष्टाळू आहे."

"तुम्ही सज्जन म्हणून तसं म्हणता! मोटर आली की फोन करतो." आणि फोन बंद.

त्यानं बायकोला सगळं सांगितलं. ती कपाळाला हात लावून म्हणाली, "आत्ताच्या आत्ता जाऊन खरं सांगा."

"आणि नोकरी? दुकानातून फोन आला तर उचलूच नकोस."

पण दुकानाचा नंबर ती काय पाठ करून बसली होती? दोन दिवसांनी फोन वाजला आणि तिनं उचलला. काउंटरवरच्या बाईच होत्या. "खाणवाले साहेब आहेत का? त्यांची मोटर आलीय!"

हा न्हाणीघराच्या दारातून साबणाचे हात हलवत कुजबुजला, "नाहीत म्हण! नाहीत म्हण!"

"ते नाहीत," बायको म्हणाली.

"कधी येतील?"

बायको गोंधळली. "येणार नाहीत. ते... आता नाहीत."

पलीकडे बाई हळहळल्या, "अरे देवा! परवा तर बोलले हो! कशानं गेले?"

बायकोनं साबणानं माखलेल्या नवऱ्याकडे एकवार पाहिलं आणि म्हणाली, "अतिशहाणपणानं."

"अं?"

"अचानक. अचानक गेले."

रजा संपवून तो कामावर गेला, तर स्टोअर ओळखू येईना! प्रत्येक रॅकला चिठ्ठी, प्रत्येक मालाला नंबर. बाईंनी मेकॅनिकांना हाताशी धरून कॉम्प्युटर आणि रॅक यांचा अबोला आठवड्यात मिटवला होता. त्याच्या खुर्चीत मोटर बसली होती. तिच्याभोवती सगळा स्टाफ मान खाली घालून उभा.

"या," मालक दबक्या आवाजात म्हणाले. "आपले एक ग्राहक वारले. एकदाच बोलणं झालं, पण काय माणूस! दोन मिनिटं शांत उभं राहू या."

तोही उभा राहिला. शेजारी बाईंनी डोळे पुसले. एक मेकॅनिक पुटपुटला, "चांगली माणसंच आधी जातात." स्टोअरकीपरच्या मनात आलं, आपण खरंच गेलो तर हे लोक एवढे तरी उभे राहतील का? या दुकानात आपल्याबद्दल बरं बोललेला एकुलता एक माणूस, आणि तोही गेला! त्याला एकदम हुंदका फुटला.

मालकांनी चमकून पाहिलं. "तुमच्या ओळखीचे होते?"

"हो," तो नाक ओढत म्हणाला. "फार जवळचे होते."

"बरं झालं!" मालकांचा चेहरा उजळला. "म्हणजे घर माहीत असेल. चार दिवस जाऊ द्या, मग मोटर आणि बिल घेऊन तुम्हीच जा त्यांच्याकडे."