पिकली नाय

बियर चाखायची तर माणूस ग्लास ओठाला लावतो. आमचे बाळारामशेठ आधी तळहाताला लावतात. ग्लासात बोट बुडवायचं, एक थेंब डाव्या तळहातावर सोडायचा आणि काचेच्या दारातून ऊन येतं तिथे हात पसरून उभं राहायचं. थेंब सुकेपर्यंत. घोडबंदर रस्त्यावरच्या त्या बारमध्ये पहिल्यांदाच आलेल्या एका बाईंनी घाईघाईत त्या हातावर गाडीची किल्ली ठेवली आणि ‘सावलीत लावा’ असं सांगून त्या आत गेल्या. शेठनी किल्ली उजव्या हाताने उचलली. डावा उन्हातून हलवला नाही.

बाळाराम भोईर, वय अडुसष्ट, मुक्काम कोपरी. मी ज्या इमारतीत राहतो ती त्यांच्याच जमिनीवर उभी आहे. ते पहिल्या मजल्यावर, मी तिसऱ्या. पांढरा शर्ट, पांढरी पँट, पायात चामड्याची चप्पल. मी कॉलेजात इतिहास शिकवतो, म्हणून मला जगातलं काहीही वाचता येतं असा त्यांचा समज आहे. बारमधलं कार्ड इंग्रजीत असतं. ते वाचून दाखवायला दर रविवारी दुपारी मला बरोबर नेलं जातं. अर्धा ग्लास हे माझं मानधन.

हा बार स्वतःची बियर स्वतः बनवतो. मागे काचेपलीकडे चकचकीत टाक्या दिसतात, आणि दर ऋतूला एका टाकीत नवं काहीतरी शिजतं. थंडीत स्ट्रॉबेरी, उन्हाळ्यात हापूस, मग जांभूळ, मग कोकम. प्रत्येकीचं वर्णन कार्डावर चार ओळींत असतं, आणि त्या चार ओळी लिहिणाऱ्याने आयुष्यात कधी साधं वाक्य लिहिलं नसावं अशी मला शंका आहे. एकदा मी वाचलं, ‘पहिल्या पावसात भिजलेल्या मातीची आठवण करून देणारा गंध.’ शेठनी ग्लास हुंगला आणि म्हणाले, “पाइपलाइन फुटली असंल.”

एका रविवारी तिथे बियर कशी चाखावी याचं शिबिर होतं. जाकीट घातलेले एक तज्ज्ञ गृहस्थ ग्लास गोल फिरवत होते. त्यांना बियरमध्ये बिस्किटांची छटा लागली. सगळ्यांनी माना डोलावल्या. मीही डोलावली, कारण न डोलावणाऱ्याला जीभ नाही असं ठरतं. शेठनी हात वर करून विचारलं, बिस्किटं कोरडी का चहात बुडवलेली? चेष्टा म्हणून नाही. त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं. तज्ज्ञांनी घड्याळ पाहिलं आणि ते पुढच्या ग्लासाकडे वळले.

शेठची स्वतःची प्रतवारी निराळी. तिच्या पायऱ्या चारच: पानी, खारं, धरलंय आणि पिकलं. हे शब्द त्यांच्या बापाचे. भोईरांचं पिढ्यान् पिढ्या खाडीलगत मिठागर होतं. मीठ तयार होतं असं त्या घरात कुणी म्हणत नसे. मीठ पिकतं. भात पिकावं तसं. खाडीचं पाणी वाफ्यावाफ्यांतून फिरवत, उन्हात आटवत न्यायचं. ते शेवटच्या वाफ्यात सोडण्याजोगं झालं की नाही, हे म्हातारा एक थेंब तळहातावर सुकवून आणि एक थेंब जिभेवर घेऊन सांगायचा. पिकलं म्हणाला की पाणी सोडायचं. तोवर कुणी हात लावायचा नाही. मिठागर कधीच बंद झालं. शब्द उरले, ते बियरला लागले.

स्ट्रॉबेरीला ‘पानी’ मिळालं. हापूसला ‘खारं’. म्हणजे गोड आंब्याच्या बियरला खारं म्हणायचं, आणि ती स्तुती समजायची. कोकमाला ‘धरलंय’ मिळालं तेव्हा वेटरांनी एकमेकांना टाळ्या दिल्या. पण ‘पिकलं’ हा शब्द त्यांनी कुठल्याच बियरला दिला नव्हता. मी एकदा म्हटलं, शेठ, एवढी कंजूषी बरी नव्हे. ते म्हणाले, “तो सबुद खर्च करायचा नाय, सर.” आणि विषय बदलला.

हा निकाल ते फोनवरून बारच्या पानावरही नोंदवत. सुनेने फोनमध्ये सगळं लावून दिलं होतं. शेठ एका बोटाने, इंग्रजी अक्षरांत, दर वेळी तेच टाइप करत: pikli nay. त्याखाली कुणाला काही समजावून सांगण्याची गरज त्यांना वाटली नाही. ‘पिकली नाय’ हे कुणाला कळणार नाही, हे कोपरीत जन्मलेल्या माणसाच्या डोक्यात येणं कठीण.

बारमध्ये बियर बनवणारी मुलगी जबलपूरची. नाव रिद्धिमा. टाक्यांची सगळी मेहनत तिची, पण बियर कुठल्या ते मालक ठरवायचा. उन्हाळ्याच्या तोंडाशी त्याने तिला पहिल्यांदा एक टाकी तिच्या मनाप्रमाणे करायला दिली. नेहमीच्या गिऱ्हाइकांनी पसंत केली तर पुढेही एक टाकी तिची. नाही तर पुन्हा तो सांगेल ते. हे तिनेच मला सांगितलं, आणि मग जरा आवाज खाली आणून विचारलं, “सर, अंकल को इतना पिकली क्यों चाहिए?”

मला वाटलं, तिला शब्द कळलाय, हट्ट कळत नाहीये. मी म्हटलं, त्यांचं तसंच आहे, ते मनासारखं मिळेपर्यंत ऐकायचे नाहीत. तिने गंभीरपणे मान हलवली. इतिहासात मोठमोठ्या लढाया अशाच गैरसमजांवर झाल्या हे मी वर्गात दरवर्षी शिकवतो. त्या दुपारी माझ्या काही लक्षात आलं नाही.

मे महिन्यात तिचा शेठना निरोप आला, रविवारी नक्की या. आम्ही गेलो. ती स्वतः ग्लास घेऊन आली. मागे थोड्या अंतरावर मालक हाताची घडी घालून उभा होता. रिद्धिमा म्हणाली, अंकल, आप हर बार लिखते हो ना, pickly नहीं है. तो इस बार है. कच्चा आम है, नमक है. राई डालने की हिम्मत नहीं हुई.

मला हसू आवरेना. वर्षभर ही मुलगी त्या निकालात लोणचं वाचत होती, आणि शेठनी लोणच्याचा आग्रह धरलाय अशी तिची समजूत होती. मी तिला पिकणं म्हणजे काय ते हिंदीत सांगितलं. सांगता सांगता माझं हसू ओसरलं, कारण तिचा चेहरा पार उतरला होता. तिची एकुलती एक टाकी चुकीच्या शब्दावर उभी होती, आणि पाच पावलांवर मालक ऐकत होता. तोही हसला. तसं हसणं मला आवडत नाही.

शेठ हसले नाहीत. त्यांनी एवढंच विचारलं, “मीठ टाकलंस?”

“हाँ, अंकल.”

“कवा? उकलताना का मागून?”

ती सांगू लागली. किती, कधी, आधी कमी पडलं म्हणून पुन्हा थोडं. ते ऐकत होते, मध्येच एखादा प्रश्न विचारत होते. तिची हिंदी आणि त्यांची आगरी यांच्यामध्ये कुणाची गरज नव्हती, तरी मी दोनदा भाषांतर केलं आणि दोन्ही वेळा दोघांनी माझ्याकडे दुर्लक्ष केलं. मग शेठ थेंब घेऊन दाराशी गेले. एरवी तळहातावर नुसता चिकटा राहायचा. या वेळी सुकल्यावर केसाएवढी पांढरी रेघ राहिली. ते त्या रेघेकडे बराच वेळ बघत राहिले.

परत येऊन त्यांनी एक घोट घेतला. मीही घेतला. मला बियरमधलं फार कळत नाही, पण मीठ एकीकडे आणि कैरी एकीकडे चालली होती एवढं माझ्यासारख्यालाही समजलं. दोघांची अजून ओळख झालेली नव्हती. मालकाने विचारलं, “मग, काका?” मी शेठकडे पाहिलं. ‘धरलंय’ म्हणाले तरी पुष्कळ, असं मला वाटलं.

शेठनी ग्लास टेबलावर ठेवला आणि रिद्धिमाच्या दिशेने सरकवला. “तू चाख,” ते म्हणाले. “तू बोल.”

ती गोंधळली. अंकल, मैंने तो बनाया है. त्यांनी नुसती मान हलवली. तिने घोट घेतला, तोंडात धरला, डोळे मिटले. आम्ही तिघे थांबून राहिलो. मग ती हळूच म्हणाली, “पिकली.” या वेळी तो मराठी शब्द होता.

शेठ मालकाकडे वळले. “ऐकलं ना? पिकली.” आणि फोन काढून एका बोटाने ते टाइप करायला त्यांनी पाच मिनिटं घेतली.

परतताना कोपरीच्या पुलावर रिक्षा अडकली तेव्हा न राहवून म्हणालो, “शेठ, कच्ची होती.”

“होती.”

“मग?”

ते बाहेर बघत होते. तिथून पूर्वी त्यांचं मिठागर दिसायचं. आता इमारतींच्या पाठी दिसतात.

“मी बावीस वर्सांचा होतो. बापसाला ताप होता. मना बोलला, आज तू चाख. मी चाखलं आन् बोललो, पिकलं. घाई झाली माजी. पानी सोडलं, तर चार दिसांनी वाफ्यात मीठ नाय, मातकट चुरा.”

“ओरडले असतील.”

“कायच नाय बोलला. ओरडला असता तर बरं होतं. फावड्यानं सगलं बांधावर टाकलं आन् दुसरे दिवशी सोता चाखाया गेला. त्या दिसानंतर नव वर्सं आगर चाललं, सर. रोज मी त्याच्या बाजूला उभा असायचा. मना परत कवा विचारलं नाय.”

रिक्षा हलली. मी म्हटलं, “पण तिची पुढची टाकीही कच्ची निघाली तर?”

“मंग सांगन ना तिला, कच्ची हाय. मी काय खोटा बोलनारा मानूस हाय का?” शेठ जरा चिडलेच. “पण पुढची खेप तर येऊ दे.”