निरोप आधी, व्हिसा नंतर

परदेशी शिकायला जाण्याचे दोन भाग असतात : निरोप घेणे आणि जाणे. पैकी पहिला अधिक महत्त्वाचा असल्याने तो आधी उरकून घेतात.

धाकटीचेही तसेच झाले. दूरदेशीच्या विद्यापीठाचे प्रवेशपत्र हाती पडले त्याच रविवारी इमारतीच्या गच्चीवर तिचा निरोप समारंभ पार पडला. उपस्थिती एकसष्ट. भाषणे चार (तीन वक्ते स्वतःविषयी बोलले). सल्ले एकशे बारा, त्यातले नव्वद थंडीविषयी. देणाऱ्यांपैकी परदेश पाहिलेले शून्य. तळमजल्यावरच्या आत्याने गळ्यात पडून हंबरडा फोडला. सगळे कसे यथासांग झाले. व्हिसा तेवढा यायचा होता.

तो काही येईना. मंगळवारी धाकटी कोपऱ्यावर पेन आणायला गेली, तर दुकानदार दचकून म्हणाला, "अगं! परत पाठवलं की काय?" संध्याकाळपर्यंत तिच्या परत येण्याची तीन कारणे इमारतभर झाली (व्हिसा एकातही नव्हता).

वडिलांनी उभी हयात कचेरीच्या आवक-जावक विभागात काढली होती. ते म्हणाले, "एकदा जावक नोंद झाली ना, की कागद टेबलावर दिसता कामा नये."

त्याच रात्री 'गेली एकदाची विमानाने' असे इमारतभर सांगून टाकले आणि तेव्हापासून धाकटी परदेशी, म्हणजे मागच्या खोलीत, राहू लागली. पडदे ओढलेले, चपला कपाटात, मोठ्याने शिंकण्यास मनाई. आत्याचा व्हिडिओ कॉल आला की ती पंखा बंद करून स्वेटर चढवी आणि घामाघूम होऊन थंडीचे वर्णन करी.

"काय उजळलीस गं! तिकडची हवाच वेगळी," आत्या म्हणे. तीन आठवडे ऊन न लागल्याचा तो गुण होता. एकदा बोलता बोलता रस्त्यावर भंगारवाला ओरडला. आत्या चमकली. "तुमच्याकडेही भंगारवाले असतात?"

"भंगार सगळीकडेच असतं, आत्या."

आत्याला हे फार पटले. मुलगी बाहेर पडली की विचार कसे प्रगल्भ होतात, हे तिने इमारतभर सांगितले.

सुरुवातीला धाकटीलाही गंमत वाटली. बॅग तिने चार वेळा भरली, नकाशावर वसतिगृहापासून ग्रंथालयापर्यंतचा रस्ता पाठ केला. सहाव्या आठवड्यात मात्र तिचा धीर सुटला. "बाबा, मी खरंच जाणार ना हो?" वडिलांना प्रथमच नियम आठवेना. ते नुसते तिच्या डोक्यावर हात ठेवून बसून राहिले.

आठव्या आठवड्यात व्हिसा आला. पण गेलेल्या माणसाला निरोप कसा देणार? भरदुपारी, इमारत डाराडूर झोपलेली असताना, वडिलांनी चाकांचा आवाज नको म्हणून बॅग खांद्यावर घेतली आणि दोघे मागच्या जिन्याने उतरले. आई फाटकापर्यंतही गेली नाही. स्वयंपाकघराच्या खिडकीतून तिने हात हलवला, तोही हातात फडके धरून. कुणी पाहिलेच तर काच पुसतेय असे वाटावे. रडली मात्र ती खरी, आणि एकटीच.

तुम्ही म्हणाल, आम्हाला आधी सांगायचं नाही का, आम्ही आलो असतो सोडायला. तेच तर. तुम्हाला आधी सांगितले होते, म्हणूनच पोरीला आठ आठवडे कोंडून घ्यावे लागले.