खुंटी ठोकणारे अंबादासकाका

पाणी दिसलं की अंबादासकाका खुंटी ठोकतात. धरण असो, तळं असो, पाणी संपतं बरोबर त्या जागी बाभळीची एक वीतभर खुंटी मातीत जाते. मग थोड्या थोड्या वेळाने जाऊन ते बघतात, पाणी खुंटीपासून किती सरकलं. एकदा परतूरच्या एका लग्नात टँकर गळून मांडवामागे डबकं साचलं होतं. वऱ्हाड जेवायला बसलं आणि काका डबक्याकाठी उकिडवे बसलेले. नवरीच्या बापाला वाटलं, पाहुणे रुसले.

काका पाटकरी होते. कालव्याचं पाणी कुणाच्या रानात कधी सोडायचं, ते बघणारा माणूस. बत्तीस वर्षं त्यांनी हेच केलं. "पानी माझ्यासंगं खोटं बोलत न्हाई, सर," हे मी दिवसातून तीनदा ऐकतो. मी त्यांचा परतूरमधला शेजारी, शाळेत भूगोल शिकवतो.

काकू गेल्यापासून काकांनी नवीनच खूळ घेतलं. शनिवार आला की मोटरसायकलला तंबू, पातेलं आणि खुंट्यांची पिशवी बांधायची आणि कुठल्या तरी तलावाकाठी मुक्कामाला जायचं. वय अडुसष्ट. पुण्यातला त्यांचा मुलगा सुनील काळजीने अर्धा झाला होता. घराला कुलूप लावून बाबांना घेऊन जायचं, असं त्याने ठरवूनच टाकलं होतं. काका म्हणाले, समुद्रापर्यंत जाऊन धडधाकट परत आलो तर नेऊ नको. सुनीलने कबूल केलं, पण मला वेगळा फोन करून सांगितलं की तुम्ही सोबत जा आणि काय घडलं ते खरं खरं सांगा. म्हणजे काकांचं परतूरला राहणं आता माझ्या जिभेवर होतं. ही जबाबदारी मला मुळीच नको होती. मी दोन दिवसांची रजा टाकली आणि मागच्या सीटवर जीव मुठीत धरून बसलो.

शनिवारी सकाळी नाथसागर जलाशय, खुंटी. संध्याकाळी घाटातला एक तलाव, खुंटी. तिथे मुक्काम. रविवारी अकराच्या सुमारास समोर समुद्र आला, तेव्हा काकांनी गाडी थांबवली, या टोकापासून त्या टोकापर्यंत नजर फिरवली. मग म्हणाले, "लई मोठा प्रोजेक्ट हाये."

पाण्यालगतची वाळू ओली आणि टणक होती. गाडी थेट तिथवर गेली. मी म्हणालो, जरा वर, झाडांजवळ उतरू. काकांनी खुंटी ठोकली आणि मला अर्धा तास थांबायला सांगितलं. अर्ध्या तासात पाणी चांगलं दहा पावलं मागे गेलं. आता ह्यावर काय बोलणार? शिवाय आमच्याकडे होळीच्या सुमाराचं पाणी एकच गोष्ट करतं, उतरतं. एकदा उतरलं की ते आषाढाशिवाय परत येत नाही, हे जालना जिल्ह्यात शेंबड्या पोरालाही माहीत असतं. तंबू तिथेच लागला. खिचडी झाली. आम्ही आडवे झालो.

इथे एक कबुली देतो. भरती-ओहोटी मी दर वर्षी शिकवतो, फळ्यावर चंद्र काढून. पण त्या आकृतीत तंबू नसतो.

पायाला गार लागलं म्हणून मी जागा झालो. तंबूची खालची बाजू भिजली होती. खुंटी दिसत नव्हती. मी काकांना हलवलं, तर ते म्हणाले, वाऱ्यानं येऊन राह्यलंय, जाईल मागं. पुढची लाट चुलीवरून गेली आणि पातेलं घेऊन परतली. काका उभे राहून पाण्याकडे नुसते बघत राहिले. त्यांचा चेहरा असा मी कधी पाहिला नव्हता.

गाडीचा स्टँड वाळूत रुतला होता. आम्ही ढकलली, तशी ती आणखी खचली. पाणी चेनपर्यंत आलं. मी ओरडून सांगितलं, गाडी राहू द्या, वर चला. काका हँडल सोडेनात. एक लाट त्यांच्या कमरेवर आदळली, ते गुडघ्यावर बसले, तरी हँडल हातातच. मला वाटलं, आता हा माणूस जातोय आणि सुनीलला मी काय सांगू. तेवढ्यात जाळी सारखी करणारे तीन कोळी दोर घेऊन धावत आले. त्यांनी काकांना बाजूला केलं, दोर बांधला आणि गाडी ओढून वर नेली. त्यातला म्हातारा जाताना फक्त एवढंच विचारत होता की तुम्ही नेमके कुठले?

काका झाडाखाली बसले. सगळे कपडे ओले. मला त्यांची दया आली आणि रागही आला. माझा फोन वाजला. सुनील.

मी म्हणालो, सगळं छान आहे, बाबा मजेत आहेत. हे थोडं काकांसाठी होतं आणि थोडं माझ्या भूगोलासाठी.

काकांनी फोन मागून घेतला.

"सुनील, सर खोटं बोलून राह्यले. पानी वाढलं, मला समजलं न्हाई. गाडी बुडता बुडता वाचली, मी बी वाचलो. चूक माझी हाये."

फोन ठेवल्यावर मी चिडलोच. म्हटलं, गप्प बसला असता तर राहिलं असतं ना परतूर. कशाला सांगितलंत?

"बत्तीस वर्षांत एकदा बी वहीत पान्याची खोटी पातळी लिव्हली न्हाई, सर."

मग माझ्याकडे न बघता ते म्हणाले, "परतूरला सकाळी हॉटेलात चार माणसं विचारतात, काका, धरण किती टक्के? पुण्यात मला कोन काय विचारनार?"

मी विचारलं, सुनील काय म्हणाला?

"त्यानं इचारलं, बाबा, भ्याले का तुम्ही?"

"मग?"

"हो म्हनलं." काकांनी ओल्या बाहीनेच तोंड पुसलं. "त्याची माय गेली तव्हा बी त्यानं हेच इचारलं होतं. तव्हा मी न्हाई म्हनलो होतो."