रोसेंदाचे नऊ दिवस

बावीस वर्षं मी मनिलात चित्रकथा लिहितोय, त्यातली नऊ साप्ताहिकाच्या संपादकाच्या खुर्चीत बसून! पण कथेत काय घडावं हे एकाही वाचकाला कधी विचारलं नाही. विचारायचं कशाला? लेखक मी की ते?

म्हणून चालू कथेच्या एकशे चाळिसाव्या भागात मी माझी नायिका, रोसेंदा धोबीण, नदीत बुडवून टाकली. तीन वर्षं रडून रडून तिनं मला वीट आणला होता.

अंक निघाला त्या संध्याकाळी घरी येतो तो काय, सासूबाई काळ्या कपड्यांत! टेबलावर मेणबत्ती, मुखपृष्ठावरून कापलेलं रोसेंदाचं चित्र, आणि समोर गल्लीतल्या वीस बायका जपमाळा घेऊन बसलेल्या.

"कोण गेलं?" माझी बोबडी वळली.

"वर तोंड करून विचारताय, जावईबापू? स्वतःच्या हातानं मारलंत ना पोरीला!"

"अहो, ती कागदावरची बाई आहे!"

"म्हणून तिला नऊ दिवसांची प्रार्थना नको? कोण आहे बिचारीला दुसरं?"

कोणीच नव्हतं. पहिल्याच भागात मीच तिला अनाथ केलं होतं! मग रोज वीस बायका माझ्याच घरात शेवयांचं पान्सित चापायच्या आणि मलाच बघून नाकं मुरडायच्या.

आठव्या दिवशी मालकांनी बोलावलं. "फाउस्तो, खप निम्म्यावर आलाय. पुढच्या अंकात ती जिवंत हवी, नाहीतर खुर्ची सोड!"

गिळला अपमान! रोसेंदाला कोळ्यांनी वाचवलं, असं लिहून काढलं आणि नवव्या दिवशी प्रार्थना आटोपल्यावर सगळ्यांना मोठ्यानं वाचून दाखवलं. म्हटलं, आता बायका नाचतील!

बायकांनी जपमाळा टेबलावर आपटल्या.

"म्हणजे जित्या पोरीसाठी आम्ही नऊ दिवस मेलेल्यांच्या प्रार्थना केल्या?" सासूबाई कडाडल्या. "केवढा अपशकुन हा!"

"अहो, पण तुम्हालाच ती हवी होती ना?"

"स्वर्गात पोचवलंय आम्ही तिला! आता ती वरून चमत्कार करील, गल्लीतल्या पोरींच्या हाकेला धावून येईल. एवढं साधं सुचत नाही तुम्हाला?"

पुढे बसून तिसऱ्यांदा ताट भरणाऱ्या एका अनोळखी जाड्या बाईनं टाळ्या वाजवल्या. ती मालकांची बायको! हे मला कळलं दुसऱ्या दिवशी, माझ्या खुर्चीत सासूबाई बसलेल्या दिसल्या तेव्हा.

आता रोसेंदा दर आठवड्याला चमत्कार करते आणि खप दुप्पट झालाय. न राहवून मी वाचक म्हणून एक खरमरीत पत्र धाडलं. सासूबाईंनी ते छापलं, पण खाली एक ओळ टाकून: "कथेत काय घडावं हे आम्ही वाचकांना विचारत नाही. – संपादक."