कोरड्या नाकाची शाळा

एका जंगलात एक शाळा होती. नीट ऐका हं पोरांनो, शाळेत जंगल नव्हतं, जंगलात शाळा होती. पुढं पुढं फरक कळेनासा झाला, ती गोष्ट वेगळी.

शाळा भरायची तळ्याकाठच्या जांभळीखाली. शिकवायला होत्या बगळीणबाई. पांढऱ्याशुभ्र. पिसावर चिखलाचा ठिपका दिसेल तर शपथ. एका पायावर उभ्या राहून शिकवायच्या. दुसरा पाय कायम वर धरलेला, मुलांचं काही चिकटायला नको म्हणून.

एकदा काय झालं, सिंहमहाराज शाळा बघायला आले. पोरांनी स्वागताचं गाणं म्हटलं. पहिल्या रांगेतल्या सशाला नेमकी तेव्हाच शिंक आली, आणि ती गेली थेट महाराजांच्या आयाळीवर. महाराज आयाळ झटकत परत गेले. दुसऱ्या दिवशी दरबारातून फर्मान आलं : "शाळेत सर्दी दिसता कामा नये."

बघा हं. सर्दी होता कामा नये, असं नाही म्हटलं. दिसता कामा नये.

बगळीणबाईंनी फर्मान फिरवून फिरवून वाचलं आणि नियम काढला. प्रार्थना झाली की नाकं तपासायची. कोरडं नाक बसेल. ओलं नाक घरी जाईल. प्रार्थनेच्या आधी का नाही तपासायची? कारण तेव्हा आईबाप तिथंच असतात ना! ते कामावर पोचल्याशिवाय त्यांना परत बोलावता कसं येणार?

आता मला सांगा, जंगलात कोरड्या नाकाचं आहे कोण? कोल्ह्याचं नाक ओलं. हरणाचं ओलं. अस्वलाचं तर बारा महिने ओलं. नाक ओलं म्हणजे पोर खडखडीत बरं. पण बाईंना पडली चोच. चोचीला कुठलं आलंय नाक?

तर त्या शाळेत झिपऱ्या नावाचं अस्वलाचं पिल्लू होतं. त्याची आई धुरपदा. ती कड्यावर मोहोळं काढायच्या कामाला जायची. मोठ्ठा उभा कडा, त्याला लोंबणारी आग्या माश्यांची पोळी. धुरपदा चढायची, टोळीतल्या बाकीच्या जणी खाली पानांचे द्रोण धरून उभ्या राहायच्या. मध जमला की वाटे व्हायचे. त्या वाट्यावर मायलेकरांचा पावसाळा निघायचा. काम गेलं तर पावसाळ्यात चिखल चाटायचा, एवढं सोपं गणित होतं.

टोळीचा मुकादम होता रानडुक्कर. सुळेराव म्हणायचे त्याला. तोंडाचा फटकळ.

त्या दिवशी धुरपदा अर्ध्या कड्यावर होती. एक पंजा कपारीत, एक पोळ्याजवळ. माश्या जरा कुठं शांत झालेल्या. आणि आली की शाळेची टिटवी बोंबलत!

"टिटिव टिटिव! धुरपदाबाई ऽऽ! झिपऱ्याचं नाक ओलं! न्यायला या! टिटिव टिटिव!"

मोहोळ उठलं ना! धुरपदा खाली आली ती उतरून नाही, घरंगळत. नाकाचा झाला भोपळा.

सुळेराव म्हणाला, "बाई, तुम्ही मोहोळ काढायला येता का पोरगं पोचवायला?"

"मुकादम, आजच्या दिवस जाऊ द्या."

"कालही आजच्याच दिवस होता!"

धुरपदा शाळेत पोचली. झिपऱ्या जांभळीच्या फांदीला उलटा लटकून वाळवी खात होता. आईला बघून ओरडला, "आई, तुझं नाक केवढं झालंय!"

धुरपदा म्हणाली, "बाई, ह्याला झालंय काय?"

"नाक ओलं आहे."

"अहो, अस्वलाचं नाक ओलंच असतं. ओलं म्हणजे बरं."

"मला माहीत आहे," बगळीणबाई म्हणाल्या. "आजारी आहे असं मी कुठं म्हटलं? ओलं आहे, असं म्हटलं. दिसतंय ना ओलं?"

"दिसतंय."

"मग न्या."

धुरपदानं पोराला फांदीवरून उतरवलं आणि नेलं. असं रोज व्हायला लागलं. आज हरिणी पळत येतेय, उद्या कोल्हीण. सगळ्या आया वाटेवर भेटायच्या आणि बगळीणबाईंच्या त्या वर धरलेल्या पायाला नावं ठेवायच्या.

शेवटी धुरपदानंच तोड काढली. उन्हाळ्यात वणवा लागून गेला होता. जळक्या पळसाच्या बुंध्यापाशी राख साठली होती. सकाळी चिमूटभर राख घ्यायची आणि झिपऱ्याच्या नाकाला चोळायची. नाक कोरडं ठक्क.

"आई, शिंक येतेय."

"घरी शिंक काय शिंकायची ती. शाळेत गिळ."

चालली की हो युक्ती! दोन दिवसांत सगळ्या जंगलातली पोरं राखुंडी नाकं घेऊन शाळेत बसायला लागली. टिटवी नुसती फांदीवर बसून जांभया द्यायची. बाई खूश, मुकादम खूश, आया खूश. पोरं पालथ्या पंजानं नाक खाजवायची, पण पोरांना कोण विचारतंय?

मग एके सकाळी झिपऱ्या उठेना. धुरपदाला उशीर झालेला. मुकादमानं बजावलं होतं, आज कड्याच्या टोकाचं मोठं पोळं काढायचं.

"आई, मला कसंतरी होतंय."

"ऊठ बघू. नाक दाखव." तिनं बोट लावलं. "अगंबाई, कोरडं! आपोआप कोरडं! वा रे माझ्या राजा, आज राख वाचली." आणि पोराला शाळेत ढकलून ती धावत कामावर गेली.

चढली. ऊन वर आलं. माश्या शांत. टिटवीचा पत्ता नाही. धुरपदाला वाटलं, किती बरं वाटतंय, असंच रोज असावं. पंजा पोळ्याला लावणार, तेवढ्यात तिच्या मनात आलं, राख लावली नाही आणि नाक कोरडं? अस्वलाच्या पोराचं?

पोळं तिथंच सोडून सरासरा उतरायला लागली.

सुळेराव खालून ओरडला, "अहो, चाललात कुठं? कुणी बोलावलं?"

"कुणीच बोलावलं नाही, म्हणून तर चाललेय!"

"आज गेलात तर उद्या यायचं नाही! सांगून ठेवतो!"

"नाही येत!" म्हणाली आणि सुटली.

शाळेत बघते तर काय, झिपऱ्या पहिल्या रांगेत, गळ्यात रानफुलांची माळ. डोळे मिटलेले. अंग तव्यासारखं तापलेलं. आणि बगळीणबाई सगळ्या वर्गाला सांगताहेत, "बघा, ह्याला म्हणतात आदर्श नाक! राखेचा कण नाही. आणि बसलाय किती शहाण्यासारखा!"

"बाई, अहो पोर फणफणलंय! निरोप का नाही पाठवला?"

"निरोप कशाचा? नाक बघा की."

सकाळी धुरपदानंही तेवढंच बघितलं होतं. तिनं माळ काढून ठेवली, पोराला पाठीवर घेतलं आणि घर गाठलं.

गुळवेलीचा काढा पाजला, पाल्याच्या ओल्या घड्या कपाळावर ठेवल्या. झिपऱ्या ग्लानीत म्हणायचा, "आई, गिळली गं शिंक." ते ऐकून धुरपदाचा जीव अर्धा व्हायचा.

आणि अशात दारात टिटवी! "टिटिव टिटिव! कोरड्या नाकाचं मूल घरी का ठेवलं? हजेरी बुडते! टिटिव टिटिव!"

धुरपदानं तिला काय ऐकवलं ते तुम्ही मोठे झालात की सांगीन.

ताप उतरला. एका पहाटे झिपऱ्यानं नाक आईच्या गालाला लावलं. गारेगार, ओलंचिंब नाक. धुरपदाला रडूच फुटलं. तेच नाक घेऊन ती ताठ मानेनं शाळेत गेली. राख नाही की काही नाही.

"ओलं," बगळीणबाई म्हणाल्या. "घरी."

"जशी तुमची मर्जी," धुरपदा म्हणाली, आणि पोराला घेऊन निघाली ती सरळ कड्यावर.

तिथं तिच्या जागी वानरीण लावली होती. सुळेरावानं मान फिरवली. "जागा भरली, बाई."

तेवढ्यात वरून आवाज आला, "टिटिव टिटिव! वानरीणबाई ऽऽ! तुमचं पिलू शिंकलं!"

मोहोळ उठलं. वानरीण ह्या फांदीवरून त्या फांदीवर, ती गेलीच. द्रोण उपडे, टोळी पांगलेली. सुळेराव एकटा माश्या हाकत उभा. आभाळाकडं बघितलं, कड्याकडं बघितलं, मग धुरपदाकडं.

"चढा," तो म्हणाला.

"आणि ह्याला?"

"ठेवा इथं. मी काय खातोय त्याला?"

धुरपदा चढली. झिपऱ्या मुकादमाच्या पाठीवर चढला.

दुसऱ्या दिवशी कोल्हिणीनं पोर कड्याखाली आणून सोडलं. मग हरिणीनं. कोरड्या नाकानं झिपऱ्याचं काय झालं ते सगळ्यांच्या कानावर गेलं होतं. आयांनी पोरांच्या नाकांची राख तळ्यावर घासून धुतली. ओल्या नाकाचं पोर शाळेतून परत आलं की कड्याखाली. सुळेराव दिवसभर वसवस करायचा, "अरे सुळे सोडा माझे! ए कोल्ह्या, द्रोण मोज! नीट मोज, नाहीतर मध नाही!" पोरं मोजायला शिकली. वारा ओळखायला शिकली. थोड्या शिव्याही शिकली.

शाळेत उरल्या बगळीणबाई आणि जांभूळ.

मग दरबारची मंडळी तपासणीला आली. सगळीकडं फिरली. एक शिंक नाही, एक शेंबूड नाही, जमिनीवर एक पाऊल उमटलेलं नाही. सर्दी औषधालासुद्धा दिसेना. मंडळींना असा आनंद झाला म्हणता! त्या वर्षीचा 'निरोगी शाळा' पुरस्कार बगळीणबाईंना मिळाला. महाराज स्वतः आले आणि ह्या खेपेला आयाळ कोरडी घेऊन परत गेले.

तात्पर्य : शाळेची तब्येत फार नाजूक असते. मुलांनी तिला जपावं. शक्यतो घरीच राहावं.