सात नंबरची पेटी

वर्नानं सकाळपासून दीडशे डोनट तळले होते आणि तेवढ्या वेळात तिचा नवरा लॉर्न टटल चौथ्यांदा भाषण म्हणून दाखवत होता.

"अकरा वर्षं मधमाशांच्या एकाही पेटीला मी हिवाळ्यात पांघरूण घातलं नाही! व्हर्माँटचा हिवाळा सोसून जी राणी उरेल, तिच्याच लेकी पुढे वाढवायच्या."

"मला ताप आला होता तेव्हाही तू पांघरूण घातलं नाहीस," वर्ना म्हणाली. "मी काय राणी आहे का?"

लॉर्नचं लक्ष नव्हतं. टेकडीवरच्या त्याच्या पेट्यांमधून दर वसंतात मेलेल्या माशा फावड्यानं काढाव्या लागत. फक्त सात नंबरची पेटी चार हिवाळे तरली होती. एप्रिलच्या पहिल्या उबदार दुपारी तो खिडकीतून दुर्बीण लावी. सातच्या दाराशी माशांची ये-जा दिसली की वहीत बरोबरची खूण करी. जूनपर्यंत झाकण मात्र उघडायचं नाही, आणि नंतरही राणी शोधत बसायचं नाही. तेही त्याच्या लेखी लाडच. आज, जूनच्या अखेरीस, मधपाळ मंडळाचे चाळीस जण सातमधल्या अळ्या नेऊन त्यांच्या राण्या वाढवणार होते. या जातीचं नाव त्यानं मनात ठरवूनही टाकलं होतं: टटल.

शेजारचा अँब्रोज पेल्की स्वतःची खुर्ची घेऊन आला. लॉर्नच्या मते तो दर वसंतात दक्षिणेकडून माशा मागवायचा, म्हणून लॉर्न त्याच्या माशांना भाडोत्री म्हणायचा.

भाषण झालं, टाळ्या पडल्या. लॉर्ननं सातचं झाकण काढलं, आतली पोळ्याची चौकट उचलली. राणी लगेच दिसली. तिच्या पाठीवर गुलाबी ठिपका होता.

लॉर्नचे हात थबकले. तो राण्यांवर कधीच खूण करत नसे. गुलाबी ठिपका अँब्रोजचा. त्याची बायको ल्यूसिल गेल्यावर तिच्या नेलपॉलिशची बाटली टाकवेना, म्हणून तो त्याच रंगाचा ठिपका आपल्या राण्यांना लावतो, हे गावात सर्वांना ठाऊक होतं.

आणि मग त्याला सगळंच उमगलं. सात नंबर चारही हिवाळ्यांत मेली होती. एप्रिलमधली ती ये-जा शेजारच्या माशांची, उरलेला मध लुटायला आलेल्यांची. पुढे जूनमध्ये त्यांचाच एखादा थवा रिकामं घर बघून राहायला येत होता. अकरा वर्षांचं तप पाण्यात गेलं होतं.

ठिपका नखानं खरवडता आला असता. चाळीस माणसं जरा लांब उभी होती. त्यानं नख पुढे नेलंही. पण बाटली कुणाची ते आठवलं आणि त्याला स्वतःचीच लाज वाटली.

"मंडळी," तो घसा खाकरून म्हणाला, "ही राणी माझी नाही. अँब्रोजची आहे."

सगळे अँब्रोजकडे वळले. तो खुर्चीतल्या खुर्चीत चुळबुळला.

"तुझीच आहे रे," तो म्हणाला. "म्हणजे, तुझ्या माशांच्या वंशातली. ल्यूसिल गेली त्या जूनमध्ये तुझ्या सातातून थवा उडाला आणि माझ्या सफरचंदाच्या झाडाला लटकला. माशा मागवायला मन होत नव्हतं. म्हटलं, आल्यात तर राहू देत. तेव्हापासून एकदाही मागवल्या नाहीत."

"आणि दर एप्रिलला पोस्टातून येतात ती खोकी?"

"कोंबडीची पिल्लं."

"हिवाळ्यात गुंडाळतोस पेट्या?"

"छे! कंटाळा येतो. कोठाराच्या आडोशाला आहेत, एवढंच."

"मग माझ्याच का मरतात?"

"टेकडीवर वारा केवढा! शहाण्या होत्या त्या जूनमध्येच निघून आल्या. उरल्या त्या तुझं भाषण ऐकत बसल्या."

वर्ना इतकी हसली की डोनटांचं ताट तिनं गवतावरच ठेवलं. लॉर्नलाही हसू आवरेना.

"लेका, चार वर्षं बोलला का नाहीस?"

"तू परत मागितल्या असत्यास," अँब्रोज हळूच म्हणाला. "त्या वर्षी घरात दुसरा आवाजच नव्हता रे."

लॉर्ननं चौकट जपून जागेवर ठेवली.

"बाटलीत रंग उरलाय?"

"थोडा आहे."

"या सगळ्या नव्या राण्यांना तोच लावू. आणि जातीचं नाव ल्यूसिल."

अँब्रोजनं डोळे पुसले, मग मान हलवली.

"नको रे बाबा. ती जन्मभर माशी दिसली की किंचाळत घरात पळायची."