गोडदेवची धवलारीण

सगुणाआत्यांच्या गळ्यात तुळशीची माळ होती, आणि माळेच्या खाली काळ्या दोऱ्यात ओवलेली एक शिट्टी होती. शाळेत पी.टी.चे सर वाजवतात तसली. देवळात शिरताना आत्या चपला बाहेर काढत, पण शिट्टी काढत नसत. पुजाऱ्याने एकदा हटकलं तर म्हणाल्या, "देवाला काय भ्या हाय माझ्या शिट्टीचा?"

देवाचं मला ठाऊक नाही. पण भाईंदरच्या नवघर ते गोडदेव या पट्ट्यातले टँकरवाले, रिक्षावाले, बिल्डरांचे सुपरवायझर आणि नव्याने झालेल्या महापालिकेतले बरेचसे साहेब त्या शिट्टीला भिऊन होते.

आम्ही परळची चाळ सोडून गोडदेवला नव्या बिल्डिंगमध्ये राहायला आलो, तेव्हा बिल्डरने सगळं दिलं होतं. मार्बल दिलं, ग्रिल दिलं, गेटवर सोनेरी अक्षरात नाव दिलं. पाणी तेवढं द्यायचं राहिलं होतं. टँकर यायचा. आला की तीन बिल्डिंगा बादल्या घेऊन एकदम धावायच्या. पहिल्याच रविवारी मीही धावलो. पुढच्या माणसाच्या खांद्यावरून पाइप ओढत असताना कानाशी अशी शिट्टी वाजली की माझ्या हातून बादलीच सुटली.

समोर हिरव्या लुगड्यातल्या, उंच, सावळ्या, कपाळावर गोंदण असलेल्या एक बाई उभ्या होत्या.

"ओ, कुठना आलंव तुमी?"

"परळहून," मी म्हणालो.

"परलला लाईन लावत न्हाय काय?"

मी मुकाट्याने रांगेत जाऊन उभा राहिलो. त्या दिवसापासून मी 'परल' झालो. माझं खरं नाव आत्यांनी कधी विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही. माझी बायको सुनंदा ही अर्थातच 'परलीन'. खालच्या मजल्यावरचे शहा हे 'भुलेश्वर', आणि वरचे पांडेजी 'जौनपूर'. माणूस जिथून आला ते गाव आत्या त्याला चिकटवून टाकत. "ओ भुलेश्वर, तुमेरा टाकी भऱ्या का नय?" असं त्या स्वतःच्या हिंदीत खालून ओरडत आणि शहा गॅलरीतून हात जोडून "भर गया, आत्या!" म्हणत. बाहेरून आलेल्यांना त्या गावाच्या नावाने हाक मारतात, याचा सुरुवातीला मला राग यायचा. पुढे लक्षात आलं, की आमच्या बिल्डिंगमध्ये कोण कुठून आलं हे फक्त त्यांनाच ठाऊक होतं. आम्हाला एकमेकांचे फ्लॅट नंबर माहीत होते.

एकदा त्यांच्या आगरी समाजाने मेळावा भरवून कर्तबगार मंडळींचे सत्कार केले. डॉक्टर झालेला एक मुलगा होता, बँकेत मोठ्या हुद्द्यावर गेलेले एक गृहस्थ होते, तारोडीच्या बाजूचे एक मुख्याध्यापक होते आणि सगुणाआत्या होत्या. सत्कारमूर्तींचा परिचय लिहायचं काम, मी ऑफिसात मराठी पत्रव्यवहार बघतो म्हणून, माझ्याकडे आलं. इतरांचं सोपं होतं. आत्यांच्या ओटीवर जाऊन मी विचारलं, "आत्या, तुमचा व्यवसाय काय लिहू?"

"कवाचा?"

"म्हणजे?"

"आरं, मी मिठागरावर मीठ वायलं. मंग भाजी इकली. मंग लग्नात धवले म्हनाया लागले. मंग पान्याचा मोर्चा काढला. मंग तुमी लोकांनी मना नगरसेवक केली. यातला कुठला लिवतंस?"

"सगळे लिहितो."

"लिव. पन धवले पयले लिव. बाकी पोटासाठी केला. नगरसेवक तुमच्यासाठी जाले."

धवले म्हणजे आगरी लग्नातली गाणी. ती म्हणणारी ती धवलारीण, आणि तिच्या गाण्याशिवाय त्यांच्यात लग्न लागल्यासारखं वाटतच नाही. मांडव पडला, हळद लागली, नवरा निघाला, की प्रत्येक पायरीवर ती गाते. देवांना बोलावते, गावांना बोलावते, नवरीच्या आईबापांची नावं गुंफते. आत्यांचा आवाज गोड नव्हता. चांगलाच जाडा होता. पण त्या गायला लागल्या की मांडवातला डीजे आपोआप बंद व्हायचा. झाला नाही तर शिट्टी होतीच.

ती शिट्टी त्यांनी महापालिकेतही नेली. महासभेत सगळेच नगरसेवक एकदम उठून बोलत होते. आत्यांनी थोडा वेळ वाट पाहिली आणि शिट्टी फुंकली. सभागृह गपगार झालं. "आथा एकेकानं बोला," त्या म्हणाल्या. एक अधिकारी सौम्यपणे म्हणाले, "मॅडम, सभागृहात शिट्टी वाजवायची नियमात तरतूद नाही."

"नियमात गोरदेवचा पानी हाय काय? त्या पयले दावा."

त्यानंतर आमच्या गल्लीत पाइपलाइन आली. लोक म्हणतात ती शिट्टीने आली. खरं तर आत्या रोज सकाळी डबा घेऊन पाणीखात्याच्या दारात जाऊन बसत आणि येणाऱ्याजाणाऱ्या प्रत्येक साहेबाला "जेवला काय?" विचारत. साहेबांना रोज रोज त्यांच्यासमोरून जेवायला जाणं अवघड झालं असावं.

आता मुख्य गोष्ट सांगतो.

आमच्या मजल्यावर वैशाली नावाची मुलगी भाड्याने राहायची. कोल्हापूरकडची. आईवडील लहानपणीच गेलेले, काकांनी वाढवलेली. भाईंदरच्या एका स्टीलच्या भांड्यांच्या कारखान्यात ती हिशेब बघायची. तिचं आणि गोडदेवच्या नितेश भोईरचं जमलं. नितेश चांगला मुलगा, रिक्षांचं गॅरेज चालवणारा. अडचण एवढीच, की तो हरीशेठचा मुलगा होता. आणि हरीशेठ म्हणजे अख्ख्या भोईर आळीची मतं.

हरीशेठला परगावची, बिनआईबापाची सून नको होती. काकांनाही विचारून पाहिलं. त्यांनी फोनवर "आम्हाला ती मेली" एवढंच सांगून फोन ठेवला. वैशाली आमच्या स्वयंपाकघरात सुनंदाच्या मांडीवर डोकं ठेवून रडत होती, आणि नितेश दारात उभा राहून चप्पल अंगठ्याने टोकरत होता. मी, भुलेश्वर आणि जौनपूर कोर्टमॅरेजचे कायदे एकमेकांना समजावत होतो. यातलं कुणालाच नीट काही माहीत नव्हतं.

आत्या आल्या. सगळं ऐकून घेतलं. मग नितेशला म्हणाल्या, "लगीन तुना कराचा हाय ना?"

"हो आत्या."

"मंग रडते ती का? तू रड. तुझा बापूस तिकरं हाय."

महापालिकेची निवडणूक तोंडावर आली होती. दुसऱ्या दिवशी हरीशेठ स्वतः आत्यांच्या ओटीवर आला. मी कुठल्याशा दाखल्यावर त्यांची सही घ्यायला गेलो होतो, म्हणून हे मला ऐकायला मिळालं. हरीशेठ आवाज न चढवता म्हणाला, "आत्ये, तू या लग्नात धवले बोललीस, तं आमचे आलीत मतां मागाया येऊ नको."

आत्या तांदूळ निवडत होत्या. वर न बघता म्हणाल्या, "मत तुझा हाय, हऱ्या. पोऱ्या पन तुझाच हाय. पन गला माझा हाय."

हरीशेठ उठून गेला. आत्यांनी सूप बाजूला ठेवलं आणि माझ्याकडे बघितलं. "परल, आपन पडनार," त्या म्हणाल्या आणि माझ्या कागदावर सही केली.

लग्न आमच्या बिल्डिंगच्या आवारात झालं. भुलेश्वरांनी मांडव घातला, पांडेजींच्या बायकोने पुऱ्या तळल्या, सुनंदाने वैशालीला आपला लग्नातला शालू नेसवला. भोईर आळीतलं कुणीही आलं नाही. नितेशची आई तेवढी तोंडावर पदर घेऊन गेटबाहेर रिक्षात बसून होती. आत्यांनी तिला पाहिलं होतं, पण पाहिल्याचं दाखवलं नाही. फक्त माईक असा ठेवायला लावला की रिक्षात ऐकू जावं.

गाणं सुरू करण्यापूर्वी त्यांनी वैशालीला जवळ बोलावलं.

"तुझे गावचा देव कोन?"

"जोतिबा."

"नदी?"

"पंचगंगा."

"आयचा नाव?"

वैशालीने नाव सांगितलं. सांगताना तिचा आवाज इतका खाली गेला, की आत्यांना कान पुढे न्यावा लागला.

मग आत्या गायल्या. गोडदेवच्या देवांना बोलावलं, खाडीला बोलावलं, मिठागरांना बोलावलं आणि कोल्हापुराहून जोतिबाला आणि पंचगंगेलाही बोलावलं. भाईंदरच्या इतिहासात पंचगंगेला हे पहिलंच आमंत्रण असावं. पुढे नवरीच्या माहेराचं नाव घ्यायची ओळ आली. तिथे त्यांनी वैशालीच्या आईचं नाव घेतलं, तिला वरूनच बघ म्हणून सांगितलं, आणि मग म्हणाल्या, खाली उभी आहे ती गोडदेवची सगुणा, ती नवरीची आय.

मला वाटलं, गाण्यात बसावी म्हणून ओळ जुळवली असेल. सुनंदा मात्र माझा हात घट्ट धरून उभी होती.

अक्षता पडल्या तेव्हा रिक्षातली बाई आत आली. सुनेच्या हातात बांगड्या सरकवल्या आणि परत गेली. आत्यांनी भरल्या मांडवात शिट्टी वाजवली, बँड सुरू करायला.

निवडणुकीत आत्या पडल्या. भोईर आळीने शब्द पाळला. निकालाच्या दुपारी त्या आमच्या बिल्डिंगमध्ये आल्या. आम्ही सगळे सुतकात बसल्यासारखे बसलो होतो. शहा म्हणाले, "आत्या, बहुत बुरा हुआ."

"काय बुरा? नल को पानी आता हाय ना?"

"आता है."

"मंग भुलेश्वर, एक गिलास पानी पिलाव."

पाणी प्यायल्या आणि गेल्या. दुसऱ्या दिवशी नव्या नगरसेवकाला पाणीखात्यात कुणाला कसं गाठायचं, ते सांगायला त्याच्या घरी गेल्या. तो बिचारा घाबरून मागच्या खोलीत गेला होता म्हणे.

दिवाळीच्या आधी एका सकाळी त्यांनी मला निरोप धाडला. घरी गेलो तर आत्या चक्क गोंधळलेल्या. मी त्यांना असं कधी बघितलं नव्हतं. अंगणात सारवण चाललं होतं, जात्यापाशी भाजणी पडली होती, आणि ओटीवर एक नवीन सतरंजी पिशवीतून न काढता तशीच ठेवली होती.

"परल, पोरगी पयल्या दिवालीला माहेरी येते, तवा तिचा काय काय करतान?"

मला आधी प्रश्नच कळला नाही. "आत्या, तुम्ही एवढी लग्नं लावली..."

"लग्नाचा इचार मना. लगीन लावते, जेवते नि घरी येते. पुरचा मना काय म्हाईत?"

मग त्यांनी हळूहळू सांगितलं. त्यांचं सासरमाहेर एकाच आळीतलं. लग्नाआधीच आई गेलेली. नवरा मिठागरावरच साप चावून गेला, तेव्हा पदरी मूल नव्हतं. लेकीचं माहेरपण त्यांनी कधी केलं नव्हतं आणि स्वतः भोगलंही नव्हतं. सगळं गाव त्यांना आत्या म्हणायचं, त्यामुळे हे आमच्या कुणाच्या लक्षातच आलं नव्हतं.

"मांडवात बोलून बसले," त्या म्हणाल्या. "देवाच्या नावानं बोललेला फिरवता येत न्हाय. पोरीला सांगून ठेवलंय, ये म्हनून. आथा ती आली नि माझ्याकरना काय चुकला तं?"

मी सुनंदाला बोलावून आणलं. त्या दोघी दुपारपर्यंत काय काय बोलत बसल्या. उटणं, तेल, साडी, तिला काय आवडतं, कशाने तिचं पोट बिघडतं. आत्या एखाद्या शाळकरी मुलीसारखं सगळं मनात घोकत होत्या.

पाडव्याला वैशाली आली. नितेश तिला दारात सोडून गॅरेजवर गेला. आत्यांनी तिला न्हाऊ घातलं, जेवायला वाढलं, आणि ती नको नको म्हणत असताना पुन्हा वाढलं. मी आणि सुनंदा दुपारी फराळ द्यायला गेलो, तेवढ्यात दारात एक पांढरी गाडी थांबली. आत्यांच्या पक्षाचा एक कार्यकर्ता उतरला. संध्याकाळच्या स्नेहमेळाव्याला मोठे साहेब येणार होते. आत्यांना स्टेजवर बसवायचं होतं, पुढच्या वेळच्या तिकिटाचं बोलायचं होतं.

"आत्या!" त्याने अंगणातूनच हाक मारली.

आत्या लगबगीने बाहेर आल्या आणि ओठांवर बोट ठेवलं.

"हलू बोल. पोरगी निजलीय."

तो गोंधळला. त्याने आत डोकावून पाहिलं. नव्या सतरंजीवर वैशाली कुशीवर झोपली होती. तिच्या उशाशी, आत्या आत्ताच जिथून उठल्या होत्या तिथे, एक विणलेला पंखा पडला होता.

"कोणाची पोरगी?"

"माझी."

"अहो, पण साहेब वाट बघतायत."

"बघू दे," आत्या कुजबुजल्या आणि आत जाऊन त्यांनी हळूच दार लोटून घेतलं.